सरांचं वाक्य

“तुला जमणार नाही,” बाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. अंगात पुरुषी कोट, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. “उगाच हट्ट करू नकोस. घरी बसून पिशव्या चिकटव.”

समोरच्या खुर्चीतली मुलगी ताठ बसली होती. वय एकोणीस. प्रत्येक गोष्टीला ‘का?’ विचारायची म्हणून वर्गात तिचं नाव पडलं होतं वकील.

“जमतं की नाही ते मी करून दाखवीन,” वकील म्हणाली. “तुम्ही मला वर्गात बसू द्या.”

“आणि नाही बसू दिलं तर?”

“तर मी उठणार नाही.”

बाईंनी मान खाली घातली, हात जोडले. “चुकलं माझं,” त्या म्हणाल्या. मग वकील उठली.

बाईंचा वर्ग शाळेच्या मागच्या बाजूच्या एका लांबट खोलीत भरे. बाकीच्या शाळांनी ज्यांच्यापुढे हात टेकले होते अशी उशिरा उमजणारी मुलं इथे कॉलेजची तयारी करत. वेळापत्रक कसं वाचायचं, कँटीनमध्ये रांग कशी धरायची, बस चुकली तर कुणाला विचारायचं. बाई प्रत्येक कामाच्या पायऱ्या पाडत आणि एकही पायरी गाळू देत नसत, कारण एक गळली की ही मुलं पार गोंधळून जात. वकील तर एकदा कँटीनच्या खिडकीपाशी ताट घेऊन उभीच राहिली, कारण वाढणारा ‘पुढे व्हा’ म्हणायला विसरला होता. मागे रांग तुंबली, लोकांनी आरडाओरडा केला, पण ही ढिम्म. त्याने म्हटलं तेव्हा कुठे हलली.

कोट घालून बाईंनीच ‘सर’ व्हायचं, ही मुलाखतीची तालीम मात्र अभ्यासक्रमात नव्हती. ती बाईंची स्वतःची भर.

बाईंचा धाकटा भाऊही असाच. तो कॉलेजच्या वयाचा झाला तेव्हा वडील त्याला नवा सदरा घालून प्रवेशासाठी घेऊन गेले. बाई बरोबर होत्या. तिथल्या एका तरुण प्राध्यापकाने भावाच्या हातावर पेपरमिंटची गोळी ठेवली आणि त्याच्यादेखत वडिलांना सांगितलं, “ह्याला जमणार नाही. घरी बसवून पिशव्या चिकटवायला द्या.” वडील ‘बरं साहेब’ म्हणून परत फिरले. भाऊ तेव्हापासून पिशव्याच चिकटवतो आहे. आता त्याचे केस पिकले. विचारलं तर म्हणतो, “ते सर चांगले होते, त्यांनी मला गोळी दिली.” त्याच्या वाटचं विसरणं त्याने केलं, बाईंनी त्याच्या वाटचा राग सांभाळला. त्या या कामात पडल्या तेव्हा लोक म्हणाले, केवढी ही सेवा! सेवा कसली डोंबलाची. बाईंना त्या माणसाची जिरवायची होती, बस्स. आणि आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन! तो प्राध्यापक आता प्राचार्य झाला होता, आणि त्याच्याच कॉलेजात यंदा अशा मुलांसाठी एक जागा निघाली होती.

“बाई, पोरीला प्रवेश हवाय, भांडण नको,” वकीलची आई म्हणाली. तिचं इस्त्रीचं दुकान होतं, हातावर चटक्यांचे डाग. “जरा गोड बोलायला शिकवा की तिला.”

“गोड बोलून माझ्या बापाला काय मिळालं?”

“तुमच्या वडलांचं मला काय माहीत हो? त्या खुर्चीत माझी पोर बसणार आहे.”

बाईंना ते झोंबलं. पण दुसऱ्या दिवशी कोट पुन्हा अंगात होताच.

मुलाखतीला प्राचार्य टेबलामागे बसले होते, शेजारी एक प्राध्यापिका. बाईंना मागे भिंतीलगत बसायला सांगितलं होतं, आणि तोंड उघडायचं नाही अशी तंबीही मिळाली होती. प्राचार्यांना टक्कल पडलं होतं, कानात यंत्र आलं होतं. त्यांनी बाईंना ओळखलंही नाही.

“ये बाळ, बस. तुला काय शिकायला आवडेल?”

वकील त्यांच्या तोंडाकडे बघत वाट पाहू लागली. वकीलला झाडांचं वेड होतं, तिला रोपवाटिकेचं काम शिकायचं होतं, हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. पण कोटातल्या सरांनी तिला ते एकदाही विचारलं नव्हतं. इतक्या तालमी घेतल्या, त्या सगळ्या भांडणाच्या.

“घाबरू नकोस, बोल ना.”

“सर,” वकील त्यांना समजावत म्हणाली, “आधी तुम्ही म्हणायचं, ‘तुला जमणार नाही.’”

“मी? मी कशाला असं म्हणेन?”

“म्हणता तुम्ही. मग घरी बसून पिशव्या चिकटव म्हणता. मग मी बोलते.”

प्राध्यापिका हसल्या. प्राचार्यांनाही गंमत वाटली. “बरं बुवा. तुला जमणार नाही. घरी बसून पिशव्या चिकटव.”

तोच आवाज, फक्त म्हातारा झालेला. बाईंच्या अंगाची लाही लाही झाली.

“जमतं की नाही ते मी करून दाखवीन. तुम्ही मला वर्गात बसू द्या.”

“वा! आणि वर्गात बसून काय करशील?”

“झाडं शिकीन,” वकील म्हणाली. गाडी आता रुळावर आली होती. “मला गुलाबाचं कलम येतं. आंब्याचं चुकतं, ते शिकायचंय.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. प्राचार्यांनी पेन उघडलं. “घेऊ या हिला. झालं बाळ, ये तू.”

वकील उठली नाही. “सर, राहिलं.”

“काय राहिलं?”

“तुम्ही हात जोडून ‘चुकलं माझं’ म्हणायचं.”

प्राचार्यांचं हसू मावळलं. त्यांनी वकीलच्या खांद्यावरून भिंतीकडे पाहिलं. “हे कुणी शिकवलं हिला?”

बाई उभ्या राहिल्या. “मी. माझ्या भावाबद्दल हेच म्हणाला होतात तुम्ही. त्याच्या तोंडावर. हातावर गोळी ठेवून.”

“असेन म्हणालो,” प्राचार्य म्हणाले. “किती येतात, किती जातात. कुणाकुणाचं लक्षात ठेवू?” त्यांनी पेनाला टोपण लावलं. “सही अजून झालेली नाही, बाई.”

“सर, राहिलं,” वकील पुन्हा म्हणाली.

ती उठणार नाही हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. प्राध्यापिका बघत होत्या. दाराबाहेर पुढची मुलं आणि त्यांचे आईबाप ताटकळत होते. बसू दे हिला संध्याकाळपर्यंत, बाईंच्या मनात आलं, होऊ दे सगळ्यांदेखत शोभा. उभ्या जन्मात याहून चांगली संधी येणार नव्हती. पण खुर्चीत बसली होती ती इस्त्रीवालीची पोर, आणि पेनाला टोपण लागलेलं होतं.

“ऊठ ग,” बाई म्हणाल्या. शब्द कडू औषधासारखे निघाले. “ती पायरी आज घ्यायची नाही.”

“गाळायची?” वकीलला खरं वाटेना.

“आज गाळायची.”

वकील उठली. प्राचार्यांनी सही केली, जरा घाईघाईनेच.

बाहेर आईने लेकीच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली, बाईंच्या पायाशी वाकली आणि दुकान उघडायचंय म्हणून पुढे झाली. बाई आणि वकील मागून जिना उतरू लागल्या. बाईंचा जबडा अजून आवळलेलाच होता.

“बाई, सर म्हणाले नाहीत.”

“नाही म्हणाले.”

“तुम्ही म्हणालात, आज नाही.”

“हो.”

“मग सोमवारी. सोमवारपासून मी रोज येणार. त्यांची खोली मला माहीत झाली.”

‘नको ग’ म्हणायला बाईंनी तोंड उघडलं, आणि मिटलं. दोघी आणखी काही पायऱ्या उतरल्या.

“आधी दार वाजवायचं,” बाई म्हणाल्या. “मग आत जायचं.”