काल्योपीची हंडी

नेरूळजवळच्या करावे गावात, पुतळाबाईंच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर जी बुटकी, तपकिरी, झाकणवाली हंडी दिसते ना, ती मी. लोक मला इकडचीच समजतात. कुणी म्हणतं पेणच्या बाजारातली, कुणी म्हणतं पनवेलची. मी आहे मात्र दूरची, ग्रीस देशातल्या सिफ्नॉस बेटावरची.

त्या समुद्रात अशी बेटं पुष्कळ आहेत. आमच्या डोंगरावर उभं राहिलं की चहूकडे दिसतात. जवळची तपकिरी, लांबची निळसर, अगदी लांबची धुरासारखी. पारोस बेटावर पांढरा संगमरवर निघतो, किमोलोसवर खडूची माती. आमच्या सिफ्नॉसला देवाने भांड्यांची माती दिली. समुद्राला लागून असलेल्या एका कुंभारवाड्यात मला घडवलं. लाट जोराची आली की पाणी चाकापर्यंत यायचं. भट्टीत रानातली वासाची झुडपं जाळायचे. तो वास माझ्या अंगात कितीतरी वर्षं होता.

मला विकत घेतलं काल्योपीने. ती विधवा बाई कास्त्रो नावाच्या गावात राहायची. कड्याच्या टोकावरचं ते जुनं गाव. घरं अशी खेटून बांधलेली की त्यांच्या मागच्या भिंतींचाच तट झालेला. पूर्वी चाच्यांची भीती होती म्हणून. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीचे संगमरवरी खांब तिथे घरांच्या भिंतींत सहज चिणलेले दिसतात. काल्योपी अशाच एका खांबाला बकरी बांधायची. खाली समुद्रातल्या खडकावर एक पांढरं, एवढंसं देऊळ. बेटावर वर्षात जितके दिवस तितकी देवळं आहेत, असं तिकडचे लोक अभिमानाने सांगतात.

दर शनिवारी काल्योपी माझ्यात छोले, कांदा, ऑलिव्हचं तेल आणि टाकीतलं पावसाचं पाणी घालायची आणि मला गावाच्या भट्टीत नेऊन ठेवायची. रविवारी प्रार्थना आटोपली की सगळ्या बायका आपापली हंडी उचलून घरी न्यायच्या. गल्लीभर वास सुटायचा.

तिचा एकुलता एक मुलगा स्तामाती. मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होता. १९७४ साली त्याचं जहाज दुरुस्तीसाठी शेजारच्या सीरोस बेटावर लागलं. ईस्टरचे दिवस होते. स्तामाती घरी आला तो बरोबर एक सावळा, लाजरा खलाशी घेऊन. तो नामा, करावे गावचा, पुतळाबाईंचा नवरा. एकाच जहाजावर तीन वर्षं काढलेले दोघे मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलायचे.

नामा आठवडाभर राहिला. ईस्टरच्या आधी तिकडे घराघराला चुना देतात, गल्लीतल्या फरशांच्या सांधीसुद्धा चुन्याने रंगवतात. नामाने कुंचला घेतला आणि काल्योपीच्या दारापासून गल्लीच्या टोकापर्यंत रंगवत गेला. बंदरावर दोरीवर वाळत घातलेले आठ पायांचे मासे बघून तो हसला आणि आमच्याकडे असेच बोंबील वाळवतात, असं त्याने हातवाऱ्यांनी सांगितलं. काल्योपीला काय कळलं देव जाणे, पण ती त्याच्या ताटात आणखी वाढत राहिली.

निघताना तिने मला फडक्यात गुंडाळून मुलाच्या हातात दिलं. मग नामाचा दंड धरून काहीतरी सांगितलं. स्तामातीने हसत अर्थ सांगितला, "आई म्हणते, हा स्वतःकडे बघत नाही. तू बघ याच्याकडे."

नामाने मान डोलावली.

पुढचे सात महिने जहाजाच्या स्वयंपाकघरात दर शनिवारी माझ्यात छोले शिजत. नोव्हेंबरात मोठं वादळ झालं. डेकवरचं एक पिंप सुटून गडगडायला लागलं. ते बांधायचं काम नामाचं होतं. तो विसरला होता. मी फळीवरून पाहिलं, स्तामातीने हातातला डाव ठेवला आणि "मी बघतो" म्हणून तो बाहेर गेला. दोर आणायला नामा पलीकडे धावला होता. तो परत आला तेव्हा पिंप बांधलेलं होतं आणि स्तामाती नव्हता. नामा कठड्याला धरून त्याच्या नावाने हाका मारत राहिला. शेवटी दोघा खलाशांनी त्याला ओढून आत आणलं.

जहाज मुंबईला लागलं तसा नामा उतरला आणि पुन्हा कधी जहाजावर चढला नाही. काल्योपीचा पत्ता त्याला माहीत होता, पण मला परत पाठवायची छाती झाली नाही. मी करावे गावी आले.

"दोस्तानं दिली," एवढंच त्याने पुतळाबाईंना सांगितलं. त्यांनी मला घासलं, चुलीवर ठेवलं, वालाची भाजी केली. सगळे जेवले. नामाने वाढून घेतली नाही.

गंमत अशी की बेटांच्या गोष्टी तो भरपूर सांगायचा. नव्या शहरासाठी जमिनी गेल्या, मिठागरं भरावाखाली गेली, मग ओट्यावर बसून तो पोरांना सांगायचा, "तिकरं पन बारकी गावा हान. पन जुना कायपन मोरत नाय. देवलाचा दगुर घराला, घराचा दगुर गोठ्याला, पन दगुर तोच." पवनचक्क्या, कबुतरांसाठी बांधलेली नक्षीदार घरं, डोंगर उतरत गेलेले दगडी बांध, सगळं सांगायचा. स्तामातीचं नाव मात्र आठ वर्षांत त्याच्या तोंडून निघालं नाही. मी तिथेच होते. मला सगळं ठाऊक होतं आणि बोलता येत नव्हतं.

१९८२ साली पुतळाबाईंचा भाऊ सिताराम, दिवाळे गावचा, होडीसकट समुद्रात गेला. प्रेत मिळालं नाही. त्यांची आई गोजरा रोज धक्क्यावर जाऊन बसायची. पंधरा दिवसांनी त्याच होडीवरचा वाचलेला गडी आला. तिच्या पायाशी बसून त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं, आपण त्याचा हात सोडला हेसुद्धा. गोजराने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. दुसऱ्या दिवसापासून ती धक्क्यावर गेली नाही.

घरी येऊन पुतळाबाई हे नवऱ्याला सांगत होत्या. "बरा झाला तो गडी आला. कलला म्हंजे मानूस रडतो तरी. नाय कलला तं नुसता वाट बगतं."

नामा माझ्याकडे बघत राहिला. मग खाली बसला आणि म्हणाला, "पुतले, ती हंडी कोनाची हाय, सांगतो."

सगळं ऐकून पुतळाबाईंनी मला फळीवरून खाली घेतलं. मग एवढंच विचारलं, "त्या आयला कोनी सांगला?"

"कंपनीची तार गेली आसंल."

"तार म्हंजे सांगना नाय."

पुतळाबाई नेरूळच्या नव्या बिल्डिंगांत मासे विकायला जायच्या. तिथल्या चारुलताताई शाळेत इंग्रजी शिकवायच्या. पुतळाबाई नामाला घेऊन त्यांच्याकडे गेल्या, आणि मलाही टोपलीत घालून. का ते त्यांनाच ठाऊक. चारुलताताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि पेन उचललं.

"दादा, पिंपाचं लिहायचं का? अपघात झाला एवढं लिहिलं तरी चालेल."

"नाय ताई. पैला तोच लिवा. मी बांदाला इसरलो."

पत्र गेलं. पाच महिने काही नाही. नामा पोस्टमनला विचारायचाही नाही, फक्त त्याच्या वेळेला दारात उभा राहायचा.

उत्तर आलं ते काल्योपीने सांगितलेलं, कास्त्रोच्या शाळामास्तरांच्या हातचं, इंग्रजीत. चारुलताताईंनी आमच्या स्वयंपाकघरात बसून वाचलं आणि मराठीत सांगितलं.

"माझ्या मुला, तारेत दोनच ओळी होत्या. आठ वर्षं मला वाटत होतं, माझा स्तामाती एकटा गेला, कुणी हाकसुद्धा मारली नाही. तू मारलीस, हे आज कळलं. पिंपाचं मनाला लावून घेऊ नकोस. लहानपणी शेजाऱ्यांची सुटलेली बकरीही तोच बांधून यायचा, त्यासाठी मी त्याला कितीदा रागावले आहे. तू रंगवलेल्या गल्लीला मी दर ईस्टरला चुना देते. हंडी परत पाठवू नकोस. तिच्यात शिजवून खात जा."

चारुलताताईंनी पत्राची घडी केली. नामा उठून मागच्या दारी गेला. त्या शनिवारी पुतळाबाईंनी माझ्यात छोले शिजवले. नामा जेवायला बसला आणि दोनदा मागून घेतलं.

मग पाच वर्षं वर्षातून दोन पत्रं जात, दोन येत. १९८७ च्या शेवटी मास्तरांचं आलं: काल्योपी गेली, झोपेतच. पत्र यायला महिना लागला होता, पण नामाने ते मिळालं त्या दिवसापासून दिवस मोजले. दहाव्या दिवशी डोकं भादरून खाडीवर गेला. गावातल्या कुणीतरी चकित होऊन विचारलं, "नामा, तुजी आय तं कवाच गेली ना?"

"दुसरी व्हती," तो म्हणाला.

आता माझ्या बुडाला बारीक चीर गेली आहे. गॅसवर मी चालत नाही, म्हणून फळीवर असते. खिडकीतून पूर्वी खाडी दिसायची, आता समोर बिल्डिंग उठते आहे. मला सिफ्नॉसची आठवण येते. पांढऱ्या गल्लीची, त्या वासाची, आणि कड्याखालच्या समुद्राची, जो इथल्यासारखा गढूळ नव्हता. पण मला परत जायचं नाही. माझी माणसं इथे आहेत.

उद्या मी फुटले तर हळहळू नका, मातीचंच भांडं मी. तुम्हाला एकच विनवणी. कुणाला काही सांगायचं तुमच्याकडून राहून गेलं असेल, तर या आठवड्यात पत्र टाका. वाट बघणारं माणूसही म्हातारं होत असतं.