चौक ओलांडून आलेलं जेवण

रविवारी सकाळी नऊ वाजता फाब्रिस आचाऱ्याने एप्रन सोडला, टेबलावर आपटला आणि गाडी काढून तो पेरगास गाव सोडून गेला. एक वाजता जेवायला अडतीस माणसं यायची होती.

चूक एमरिकचीच होती. तूलूझमधली नोकरी सोडून तो गावी परतला आणि आजोबांच्या वाइनच्या कोठाराचं त्याने बारा खोल्यांचं हॉटेल केलं, त्याला तीन वर्षं झाली होती. खोल्या खरोखर देखण्या होत्या. जाड दगडी भिंती, भर ऑगस्टमध्येही गारवा, खिडकी उघडली की डोंगरापर्यंत द्राक्षमळे. पाहुणे गाढ झोपत, सकाळी तोंडभरून कौतुक करत आणि जेवायची वेळ झाली की चौक ओलांडून समोर सिदोनीच्या खानावळीत जात. शनिवारी तर सहा जणांनी एमरिकलाच विचारलं, "समोर जागा मिळेल का हो?" तो राग त्याने रविवारी सकाळी फाब्रिसवर काढला.

"तुझी ती चिमट्याने मांडलेली पानं कोण खाणार? लोक समोर जातायत, दिसतंय का?"

"मग बोलवा समोरच्या म्हातारीला!" फाब्रिस म्हणाला. पुढचं वर आलंच आहे.

एमरिक फ्रिज उघडून उभा राहिला. आत मेंढीचे आठ खांदे होते, कच्चे. त्याला स्वतःला अंडं उकडता येत होतं, त्यापुढे काही नाही. नार्बोनचे एत्येन आणि पोलेत देल्मा लग्नाचा पन्नासावा वाढदिवस साजरा करायला लेकी-सुना, नातवंडं घेऊन यायचे होते. पोलेतबाई याच गावच्या. नाही म्हणायला आता तोंड नव्हतं.

समोर जायला वीस पावलं पुरत, पण ती त्याला फार जड गेली. दोन वर्षांपूर्वी त्यानेच मेयरला पत्र लिहिलं होतं, की चौकातल्या झाडाखाली सिदोनीची टेबलं गाड्यांच्या आड येतात. तिला तीन टेबलं मागच्या परसात न्यावी लागली. तेव्हापासून दोघांत नमस्कारापलीकडे शब्द नव्हता.

सिदोनी चुलीपाशी होती. चौऱ्याहत्तर वर्षांची, बुटकी, रुंद, हाताच्या बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या.

"आत ये," ती मागे न बघताच म्हणाली. "दारात उभा राहून वारा घरात घेऊ नकोस."

त्याने सगळं सांगितलं. ती भांड्यात डाव फिरवत ऐकत होती.

"तुझी किती?"

"अडतीस."

"माझी चौदा. मांस काय आहे?"

"मेंढीचे खांदे, आठ. कच्चे आहेत अजून."

"नशीब तुझं! त्याने हात लावला असता तर गेलेच होते. चार तास आहेत, खांद्याला तेवढेच लागतात. जा, ओव्हन लाव. मंद हं, भट्टी नको करूस."

एमरिक हलला नाही. "मावशी," तो म्हणाला. गावातली सगळी पोरं लहानपणी तिला मावशीच म्हणत. "ते पत्र..."

"हां, ते! फार झकास लिहिलं होतंस रे. 'सार्वजनिक रहदारीस अडथळा.' मेयरकडून मी दोनदा वाचून घेतलं. रहदारी म्हणजे कोण, तर तू, टपालवाला आणि गास्पारचं गाढव."

"चुकलं माझं. उद्याच दुसरं पत्र लिहितो."

"नको बाबा, तुझी पत्रं लांबलचक असतात. टेबलं परसात आहेत, हवं तर उचलून जागेवर ठेव. पण आधी लसूण सोल."

"किती?"

"मी थांब म्हणेपर्यंत."

ती थांब म्हणाली तेव्हा त्याची नखं दुखायला लागली होती. सिदोनी त्याच्या चकचकीत स्वयंपाकघरात आली, चारी बाजूंनी बघत म्हणाली, "दवाखाना वाटतो रे," आणि कामाला लागली. तळाशी लसूण, वर खांदे, डोंगरावरच्या थाइमची सुवासिक पानं, पांढरी वाइन, घट्ट झाकण. घरी भिजत घातलेल्या पांढऱ्या घेवड्याच्या दाण्यांची तिने भर घातली, शेजारणीच्या बागेतून टोमॅटो आणि वांगी आली, बेकरीवाल्याने अंजिरं पसरलेले चार मोठे टार्ट भाजून द्यायचं कबूल केलं. एमरिक चिरत होता, धूत होता, शिव्या खात होता. "एवढे जाड काप? सरपण फोडतोयस का?"

साडेबाराला ती आपल्या दारात उभी राहिली आणि पाहुण्यांना म्हणाली, "आज जेवण समोर. ज्याने त्याने आपली खुर्ची उचलायची."

सगळ्यांनी खुर्च्या उचलल्या. ल्योंहून सायकलवर आलेल्या दोन बहिणींनी रानडुकराच्या रश्शाचं तांब्याचं भांडं काठीला अडकवून खांद्यावर घेतलं. एक डच डॉक्टर पावांची टोपली डोक्यावर धरून चालला. चौकातून ती वरात निघाली तेव्हा चर्चमधून बाहेर पडणारी माणसं बाजूला होऊन बघत राहिली. हॉटेलच्या अंगणात टेबलांवर घातलेल्या चादरी वाऱ्याने उडायला लागल्या, तर सिदोनीने नदीतले गोटे आणवून प्रत्येक कोपऱ्यावर ठेवले.

देल्मा मंडळी आली, बसली. आधी लसणीचं सूप गेलं, मग रानडुक्कर, मग मेंढी. झाकण काढलं आणि सगळ्यांच्या माना भांड्याकडे वळल्या. मांस चमच्यानेच सुटत होतं. एमरिक ताटं नेत होता. एत्येन आजोबांसमोर ताट ठेवताना त्याच्या लक्षात आलं, की बाकीच्यांना हाडासकट तुकडा आहे आणि यांच्या ताटात मांस बारीक सोडवून दाण्यांत मिसळलेलं आहे. पोलेतबाईंच्या ताटातही तसंच. आजोबांनी उजव्या हातात चमचा घेतला. हात थरथरत होता. सुरी धरणं त्या हाताला जमलं नसतं. ते निवांत जेवले. दोघा नवराबायकोंचं ताट सारखंच, त्यामुळे कोणाच्या काही ध्यानातही आलं नाही.

एमरिक आत गेला. "तुम्हाला कसं कळलं?"

"गाडीतून उतरताना काठी दोनदा सुटली त्यांच्या हातून." ती चीजवर मध ओतत होती. "जेवायला येणाऱ्या माणसाकडे आधी बघावं रे, मग भांड्यात."

तीन वर्षं तो पाहुण्यांच्या उशा, पडदे, फुलं बघत होता. माणूस उतरताना त्याने कधी पाहिला नव्हता. तो ताटं उचलायला बाहेर पळाला.

साडेचारला सगळं आवरलं. पोलेतबाईंनी सिदोनीचे दोन्ही गाल चार-चारदा चुंबले. मग सिदोनी खुर्चीत बसली आणि गुडघे चोळत म्हणाली, "खानावळीच्या वर भाड्याने देते त्या चार खोल्यांचा जिना आता मला चढवत नाही, एमरिक. आठवडाभर चादरी बदलल्या नाहीत. लाज वाटते, पण कोणाला सांगणार?"

"मला सांगा ना," तो म्हणाला.

हिवाळ्याआधी सगळं ठरलं. तिने वरच्या खोल्या बंद केल्या, त्याने जेवणघर बंद केलं. फाब्रिसला पेर्पिन्याँमध्ये चांगली जागा मिळाली. एमरिकने त्याच्याबद्दल दोन शब्द बरे सांगितले, ते खरेही होते. आता पेरगासला आलेला माणूस एमरिककडे झोपतो आणि सिदोनीकडे जेवतो, आणि ही व्यवस्था इतकी साधी आहे की आधी का सुचली नाही याचंच गावाला नवल वाटतं. सकाळी एमरिक तिच्याकडे भाजी चिरायला जातो. काप अजून जाडच होतात.

तळमजल्यावरची, अंगणाकडे उघडणारी खोली मात्र तो कोणाला देत नाही. ऐन उन्हाळ्यात लोक गळ घालतात, ही रिकामी दिसते की! "भरलेली आहे," एमरिक सांगतो. दुपारचं जेवण वाढून झालं की सिदोनी तिथे येते, बूट दाराशी काढते आणि पाच वाजेपर्यंत झोपते.