टाळी वेळेवर आली पाहिजे

मी एक जुना, जाडजूड, मान मोडलेला लॅपटॉप आहे. थांबा मित्रांनो, लगेच चुकचुकू नका. माझी कीव करायला मी तुम्हाला बोलावलेलं नाही. माझी मान खिळखिळी झाली आहे, मागे पुस्तकांचा गठ्ठा लावला तरच ती उभी राहते. पंखा घरघर करतो. एक बटण केव्हाच उडून गेलं. हे सगळं मला ठाऊक आहे, आणि तरीही मी कोणाला भीत नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. तो मला आठवत नाही. तुम्हाला तुमचा आठवतो का? कळायला लागलं तेव्हा मी दातांच्या एका डॉक्टरांच्या टेबलावर होतो. पाच वर्षं मी लोकांच्या किडक्या दाढांच्या नोंदी ठेवल्या. मग डॉक्टरांनी नवा लॅपटॉप घेतला आणि मला कपाटावर टाकलं. तिथून मला भिंगरीने उचललं.

भिंगरी हे तिचं घरचं नाव. ती शाळेत मुलांना गाणं शिकवते. चाळिशी उलटली तरी घरात ती भिंगरीच. पूर्वी त्या चौघी मैत्रिणी मिळून गायच्या. एक परगावी गेली, एकीचा आवाज बसला, एकीने सरळ सांगितलं, "मला आता जमायचं नाही." भिंगरी चार दिवस रडली. पाचव्या दिवशी डोळे पुसून मला घरी घेऊन आली. चौघींचं गाणं आता एकटीने गायचं, असं तिने ठरवलं होतं.

ते कसं, ते ऐका. आधी ती माइकपुढे तोंडाने ताल धरते आणि पायाखालचं पेडल दाबते. तो तुकडा मी झेलतो आणि पुन्हा पुन्हा वाजवत राहतो. त्यावर ती एक ओळ गाते, तीही मी धरून ठेवतो. मग आणखी एक, मग आणखी एक. बघता बघता खोलीत चार भिंगऱ्या गायला लागतात! माइक आणि मी यांच्यामध्ये एक छोटी पेटी असते, तिच्यातून आवाज माझ्यापर्यंत येतो. मेख एकच आहे. आलेला आवाज मी जरासुद्धा उशीर न करता परत द्यायचा. म्हणून रियाजाआधी भिंगरी माइकपुढे एक टाळी वाजवते आणि कान देऊन ऐकते. हातातली टाळी आणि माझी टाळी मिळून एकच ऐकू आली, की म्हणते, "शाब्बास रे धुडा!" सहा वर्षांत मी एकही टाळी चुकवलेली नाही. आहे कोणाची छाती असं सांगायची?

मग एक दिवस नाट्यगृहाच्या मॅनेजरांनी तिला बोलावलं. दहा मिनिटं गाऊन दाखवायचं. आवडलं तर दर शनिवारची संध्याकाळ तिची, नाही आवडलं तर परत यायचं नाही. भिंगरीला गाण्याची काळजी लागली. तिच्या दादाला मात्र वेगळीच काळजी.

"हे धूड घेऊन जाणार तू? लोक हसतील. आणि ओझं उचलून पाठ बघ कशी झालीय!"

दादा मनाचा चांगला आहे, हे मला मान्य आहे. पण त्याने नवा लॅपटॉप निवडला कसा? दुकानात दोन बोटांनी उचलून! जो सगळ्यांत हलका, तो घेतला. टाळी वाजवून बघावी, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी हा पातळ्या घरी आला. दिसायला देखणा होता, मी नाही म्हणत नाही. पण वायर जोडायला अख्ख्या अंगाला एकच भोक! पेटी त्यातच, पेडल त्यातच, चार्जरसुद्धा त्यातच. मग दादा एका भोकाची चार भोकं करणारा जोड घेऊन आला, त्याच्या वायरी घेऊन आला, त्या ठेवायला वेगळी पिशवी घेऊन आला.

वहिनी पार्सलच्या ऑफिसात काम करते. वजनाच्या बाबतीत तिला कोणी फसवू शकत नाही. तिने आधी माझी पिशवी वजनकाट्याला टांगली, मग पातळ्याच्या दोन्ही, आणि हसू दाबत म्हणाली, "अहो, तुमचा हलका लॅपटॉप सामानासकट या धुडाला भारी पडतोय. तीनशे ग्रॅम जास्त!"

"दिसतो तर बरा ना!" दादा तणतणला.

अडीनडीला असू दे, म्हणून मलाही सोबत कोंबलं. अडीनडीला! मी! मला पाय नाहीत, तरी तळपायाची आग मस्तकात गेली.

नाट्यगृह रिकामं होतं. तिसऱ्या रांगेत मॅनेजर हाताची घडी घालून बसले होते. भिंगरीने पातळ्यापुढे टाळी वाजवली. आधी हाताची टाळी ऐकू आली, आणि मग, सावकाश, त्याची. तिचा चेहरा उतरला. तिने उशीर कमी करून पाहिला, तर आवाज तडतडायला लागला. तडतड घालवली, तर टाळी पुन्हा मागे. त्या जोडाला एवढ्यांचा भार झेपत नव्हता. दादा घामाघूम झाला.

"बाई, तुमची वेळ सुरू झालीय," मॅनेजर म्हणाले.

"दादा, धूड काढ."

"अगं, पण तो घरघरतो!"

"काढ म्हणते ना!"

मी बाहेर आलो. पुस्तकांचा गठ्ठा होता घरी. मग काय, दादाच टेबलामागे गुडघ्यांवर बसला आणि माझी मान दोन्ही हातांनी धरून राहिला. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! भिंगरीने टाळी वाजवली. एकच ऐकू आली.

"ही घरघर कसली?" मॅनेजरांनी विचारलं.

खरं सांगतो, तेवढा एक क्षण मी घाबरलो. पंखा काही मला थांबवता येत नाही. पण भिंगरीने माइक उचलला आणि थेट माझ्या पंख्यापाशी धरला. डोळे मिटून ती त्या घरघरीचा सूर गुणगुणली आणि तिने पेडल दाबलं. "हा आमचा पहिला गायक," ती म्हणाली. नेहमीची पट्टी सोडून ती माझ्या सुरात गायली. खाली माझी घरघर, तिच्यावर एक भिंगरी, दुसरी, तिसरी, चौथी. दादाने शेवटपर्यंत माझी मान सोडली नाही.

गाणं संपत आलं आणि मॅनेजरांनी टाळी वाजवली. एकच, कंजूष टाळी. भिंगरीचा पाय तेव्हा पेडलवरच होता. मी ती टाळी झेलली आणि तालात परत दिली, पुन्हा दिली, देतच राहिलो. शेवटी ते मोठ्याने हसले आणि म्हणाले, "पुरे, पुरे! शनिवारी या."

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं रडगाणं मी गाणार नाही. मला टाकायचं असेल तर खुशाल टाका. पण त्याआधी माझ्यापुढे एकदा टाळी वाजवून बघा. ती उशिरा आली, तर मीच सांगेन, चला, द्या मला भंगारात.