कमी लाइटीतला तुकडा

माझी नात इरावती हिचं लग्न झालं त्या वर्षी, म्हणजे २०२३ साली, पावसाळ्याच्या तोंडावर हा वाद उभा राहिला. तिच्या वरातीत भट्टीचंच गाणं वाजलं होतं, म्हणून वर्ष पक्कं लक्षात आहे.

भट्टी हे आमच्या रायपूरच्या पुरानी बस्तीतल्या पोरांच्या बँडचं नाव. आता ती पोरं राहिली नाहीत. गिटार वाजवणारा गंगाधर काळमेघ रेल्वेतून रिटायर झाला त्यालाही सहा वर्षं झाली होती. पण गणपतीत मराठी मंडळाच्या मांडवात भट्टी उभी राहिली की मैदान भरतं. त्यांच्या एका गाण्याच्या सुरुवातीला गिटारचा छोटा तुकडा येतो, जेमतेम आठ सुरांचा. पोरं त्याला रिफ म्हणतात. तो सुरू झाला की सगळं मैदान एकदम श्वास आत ओढतं. मी माईकवाला. मांडवाच्या मागे मशीनजवळ बसून पस्तीस वर्षं मी तो श्वास ऐकला. आता आमचं माईक-स्पीकरचं दुकान माझा नातू नील पाहतो आणि मी खुर्चीवर बसतो.

संध्याकाळी दुकानात भट्टीचे चाहते जमतात. एक दिवस तिथे चेतना आली. शंकर नगरात तिचा दातांचा दवाखाना आहे. तिचे वडील तरुणपणी पठार नावाच्या ग्रुपमध्ये ड्रम वाजवायचे. पठार म्हणजे शंकर नगरच्या पोरांचा बँड. १९८८ साली सुरू झाला आणि त्याच वर्षी बंद पडला. घर बदलताना तिला पठारची एक कॅसेट सापडली होती, त्यांच्याच घरी भरलेली. ती तिनं फोनमध्ये भरून आणली होती.

"ऐका आता," म्हणून तिनं फोन काउंटरवर ठेवला.

तोच तुकडा. जरा खालच्या सुरात, जरा संथ. पण तोच.

"ये कब का है?" नीलनं विचारलं. त्याला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत येतं.

"जुलै अठ्ठ्याऐंशी. कव्हरवर बाबांच्या हातची तारीख आहे. तुमच्या भट्टीनं हे वाजवलं त्या सालच्या गणपतीत. दोन महिन्यांनी. बोला."

"अरे दीदी, सुर अलग है, स्पीड अलग है. हमारा वाला दौड़ता है, आपका तो बैलगाड़ी है."

"चोरानं गाय रंगवली म्हणून गाय त्याची होते का रे?"

"रंगी नहीं है, गाय ही दूसरी है!"

"मग तुझी गाय माझ्याच गोठ्याकडे काहून वळून राहिली?"

सगळे हसले. विशाल म्हणून एक आहे, भट्टीचा एकही कार्यक्रम त्यानं चुकवलेला नाही. तो म्हणाला, "दुनियेत सूर सातच आहेत बाई. गर्दीत कोनाचा पाय कोनाच्या पायावर पडतेच."

"पडला तर माणूस सॉरी म्हणते, विशालभैया. पस्तीस वर्षं त्याच पायावर उभा नाही राहत."

पुन्हा हसू झालं. मी हसलो नाही. दोन तुकड्यांत जेवढं अंतर होतं, तेवढं अंतर माझ्या ओळखीचं होतं.

त्या काळी संध्याकाळी आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, लाइट फार कमी यायची. बल्ब पिवळा पडायचा, त्याची तार मोजता यायची. माझी टेप मशीन तेव्हा हळू फिरायची. हळू फिरताना जे भरलं, ते दुसऱ्या दिवशी चांगल्या लाइटीत लावलं की पळायचं आणि आवाज वर चढायचा. धंद्यातल्या माणसाला हा फरक कानानं कळतो, जसा हलवायाला पाक कळतो.

आणखीही एक गोष्ट होती. तेव्हा भाड्यानं मिळणारी विजेची गिटार पुरानी बस्तीत एकच होती, माझ्या दुकानात. भट्टीचा गंगाधर तिच्यावर दुपारी हात चालवायचा. पठारचा शिशिर देवघरे संध्याकाळी यायचा. दोघांचं मी कॅसेटवर भरून ठेवायचो. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. ते पुढे सत्तेचाळिसाव्या वर्षी आलं. म्हणून मी कॅसेटला दोरा बांधायचो. भट्टीला नारिंगी, पठारला लाल. एका संध्याकाळी गंगाधर आला आणि म्हणाला, माझी कॅसेट द्या. मी त्या पिवळ्या उजेडात दोरा पाहून काढून दिली.

दुसऱ्या दिवशी तो धावतच आला. "मारोतीभाऊ, हे मी वाजवलं? मले तर आठवतच नाही!"

"तूच. अजून कोन?" मी म्हणालो. मला केवढा अभिमान वाटला होता.

त्या कॅसेटवर बोलणं नव्हतं, नुसती गिटार होती. तीच गिटार, तीच मशीन. त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला. त्या आठ सुरांवर गाणं बांधलं, आणि त्या गाण्यावर भट्टी उभी राहिली.

चेतनाची क्लिप आठवड्याभरात गावभर फिरली. गंगाधरचा मला फोन आला. आवाज बसलेला होता. "मारोतीभाऊ, पोट्टे भांडून राहिले ते भांडू द्या. मले फक्त खरं सांगा. गणपतीच्या आत समजलं पाहिजे. माझं नसलं तर मी ते वाजवणार नाही."

"अन् मग भट्टीजवळ काय राहील?"

"काही नाही राहील."

मी त्याला म्हणालो, ती कॅसेट घेऊन दुकानात ये. चेतनालाही बोलावलं.

गंगाधरनं ती कॅसेट मला कधी परत केली नव्हती. घरी देव्हाऱ्याच्या खालच्या खणात ठेवली होती, प्लास्टिकच्या पिशवीत. पिशवीतून काढली आणि आम्ही चौघं त्या दोऱ्याकडे पाहत राहिलो. पस्तीस वर्षांत दोरा विटून मातकट झाला होता. नारिंगी म्हणा की लाल म्हणा.

"नारंगी है," नील म्हणाला.

"लाल आहे," चेतना म्हणाली.

"तुम्ही गप बसा दोघंही," मी म्हणालो. "नील, मशीन लाव."

तुकडा सुरू झाला, पळणारा, वरच्या सुरातला, ज्याच्यावर आमचं आयुष्य गेलं तो. मी डोळे मिटले. आणि गिटारच्या मागे मला घंटा ऐकू आली. आमच्या गल्लीतल्या देवीच्या देवळाची, संध्याकाळच्या आरतीची. पण ती पातळ वाजत होती, पूजेतल्या लहान घंटीसारखी.

"थांब," मी म्हणालो. "ही घंटा अशी नाही. ही घंटा रोज वाजते, जड आहे. घंटा तर काही बदलली नाही?"

"नहीं आबा. वही है, पुराने ज़माने की."

"मग तिले तिच्या जागी आण."

 नीलला समजलं, वेग घंटेवरून मोजायचा. तो फोन घेऊन देवळात पळाला. आरतीला अजून अर्धा तास होता, पण पुजाऱ्यानं त्याला दोन टोले मारू दिले. परत येऊन त्यानं कॅसेटवरचं सगळं कॉम्प्युटरमध्ये घेतलं. इकडे खरी घंटा, तिकडे कॅसेटवरची. तो वेग थोडा थोडा कमी करत गेला. घंटा खाली येत गेली. पातळ होती ती भरत गेली, रुंद होत गेली. मग एका जागी दोन्ही घंटा एक झाल्या. कोणती देवळातली आणि कोणती त्या संध्याकाळची, हे मलाही सांगता आलं नसतं. माझ्या अंगावर काटा आला. पस्तीस वर्षांपूर्वीची संध्याकाळ जशीच्या तशी दुकानात येऊन बसली होती.

"अब शुरू से," नील हळूच म्हणाला.

आधी टक्-टक् असे दोन ठोके आले. पळणाऱ्या कॅसेटवर ते नुसते खरखरीसारखे वाटायचे. आता ते स्पष्ट होते. कोणीतरी गिटारच्या लाकडावर अंगठ्यानं वाजवलेले. मग तो तुकडा, खालच्या सुरात, संथ. चेतनानं तिची क्लिप लावली. टक्-टक्. तोच सूर, तोच वेग, तीच थांबायची जागा.

चेतना जिंकली होती, पण तिनं फोन उलटा करून ठेवला. नील स्क्रीनकडे पाहत होता.

"हा शिशिर आहे," गंगाधर म्हणाला. "सुरू करायच्या आधी अंगठा मारायची सवय त्याचीच. मी कधी मारला नाही."

"गंगाधर, चूक माझी आहे. दोरा मी पाहिला. तूच वाजवलं, असंही मीच सांगितलं."

तो बराच वेळ दोऱ्याची गाठ चाचपत राहिला. मग म्हणाला, "शिशिर कुठे राहते आता?"

"अभनपुरात," चेतना म्हणाली. "त्यांच्या सासऱ्याचं बियाण्याचं दुकान आहे. बाबा सांगत होते, तब्येत बरी नाही राहत. गिटार कधीचीच सोडली."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही अभनपूरला गेलो. गाडी नीलनं चालवली, चेतना पुढे, मी आणि गंगाधर मागे, मध्ये गिटार आणि लहान स्पीकर. 

शिशिर धानाच्या बियाण्याच्या थैल्यांमध्ये बसला होता. फार वाळला होता. मला त्यानं आधी ओळखलं, मग गंगाधरला.

"मारोतीभाऊ! या, बसा. अन् हे कोन, काळमेघसाहेब? रस्ता चुकले का?"

"पस्तीस वर्षं चुकलो," गंगाधर म्हणाला.

मी सगळं सांगितलं. दोरा, बल्ब, कॅसेट, घंटा. शिशिर ऐकत होता. गिऱ्हाईक आलं, त्याला त्यानं हातानंच थांबवलं.

"मी त्या गणपतीत मागच्या रांगेत उभा होतो," तो म्हणाला. "हे वाजलं अन् मी म्हटलं, अरे, हे तं माझं! राग आला. खोटं कशाले बोलू, दोन-तीन वर्षं आला. पठार तं फुटलाच होता. पण त्या रात्री लोकांनी जो दम ओढला ना, तो मीही ओढला होता. त्याचं काय करू? भांडायले कोनत्या तोंडानं येऊ?"

"वाजवू?" गंगाधरनं विचारलं. "तुझ्या वेगानं?"

शिशिरनं मान हलवली. नीलनं स्पीकर लावला. गंगाधरची बोटं तारांवर ठेवलेली होती, पण ती हलेनात. तेवढ्यात शिशिरच्या अंगठ्यानं, त्याच्याही नकळत, काउंटरच्या फळीवर दोन ठोके मारले. टक्-टक्.

आणि गंगाधर वाजवू लागला.

मी आयुष्यभर मोठमोठ्या स्पीकरांजवळ बसलो आहे. पण त्या लहानशा स्पीकरमधून, त्या थैल्यांमध्ये, जे ऐकलं ते पुन्हा ऐकलं नाही. तो तुकडा घाईत नव्हता. एकेक सूर जागेवर बसून पुढच्याची वाट पाहत होता. थांबलेलं गिऱ्हाईक दारातच खाली बसलं. शिशिर मध्येच म्हणाला, "इथे थोडा अजून थांब, पाचव्यावर," आणि गंगाधर थांबला, आणि तो तुकडा आणखी मोठा झाला. चेतना तोंडावर हात धरून रडत होती.

संपल्यावर शिशिर म्हणाला, "आता तुमचा वाजव. लाइटीवाला."

गंगाधरनं वरच्या सुरात, वेगानं वाजवला. शिशिर पुढे वाकून ऐकत होता.

"हे माझं नाही रे," तो शेवटी म्हणाला. "हे मले कधी सुचलं नसतं. इतकं पळता येते, हे मले माहीतच नव्हतं."

"माझंही नाही," गंगाधर म्हणाला.

"मग कोनाचं?"

 नील बोलला, आणि पहिल्यांदा मराठीत बोलला. "कमी लाइटीचं."

शिशिर इतका हसला की त्याला ठसका लागला.

गणपतीच्या सहाव्या दिवशी भट्टीचा कार्यक्रम झाला. गंगाधरनं माईकवर आधी सांगितलं की हा तुकडा शंकर नगरच्या पठारचा, शिशिर देवघरेचा आहे, आणि पस्तीस वर्षं आम्ही त्याचं नाव घेतलं नाही. मैदानात कुजबुज झाली. एक-दोन जण ओरडले. मग त्यानं शिशिरला हात धरून वर आणलं, खुर्चीवर बसवलं आणि स्वतःची गिटार त्याच्या मांडीवर दिली. शिशिरनं अंगठ्यानं दोन ठोके मारले. सूर मोडके आले, दोन चुकले, पण सगळे आठ आले. त्यानंतर शेजारी दुसरी गिटार घेऊन गंगाधरनं तो तुकडा वेगात उचलला.

मैदानानं श्वास ओढला. मी मागे मशीनजवळ होतो. आवाज वाढवायला हात उचलला होता, तो तसाच राहिला.

आता भट्टी दोन्ही वाजवते, आधी संथ, मग पळणारा. मधल्या जागेत नील आमच्या देवळाची घंटा सोडतो.

शिशिर देवघरे अभनपूरला आपल्या घरी वारला. ११ डिसेंबर २०२३, सोमवार, सकाळी.