फाइल नसेल तर

बाबा दिवाळीआधी गेले. मी रडलो नाही. पुण्याचं काम लॅपटॉपसकट बुलढाण्याला आणलं, वरच्या खोलीत मांडलं आणि तिथेच बसून राहिलो. लोक म्हणाले, गंधार किती धीराचा! धीर कसला डोंबलाचा. मला काहीच वाटत नव्हतं, एवढंच.

पुण्यात असताना बाबांसाठी मी एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. बटणं-चित्रं काही नाही, काळ्या पडद्यावर कमांड देऊन चालणारा. रोज सकाळी तो त्यांच्या फोनवर विचारायचा, 'बाबा, बीपीची गोळी घेतली का?' मोताळ्यात कारकुनी करण्यात जन्म गेलेला माणूस, लेखी विचारल्याशिवाय दाद द्यायचा नाही. 'घेतली' असं लिहून पाठवायचे.

त्यांचा नंबर सेटिंगच्या फाइलीत होता. तेराव्यानंतर मी ती फाइल पुसली. नंबर नाही तर मेसेज नाही, असं धरून चाललो.

आज सकाळी लॅपटॉप अडकला. काय काय चालू आहे बघायला गेलो, तर यादीत तो प्रोग्राम. हाताने चालवून पाहिला. पडद्यावर ओळ आली, 'तुमची फाइल सापडली नाही. डीफॉल्ट फाइल वापरत आहे.' ओळ माझीच. फाइल हरवली तरी प्रोग्राम कोलमडू नये म्हणून सोबत एक डीफॉल्ट फाइल ठेवायची, ही आमच्या धंद्यातली शिस्त. मेसेज जाण्याआधीच मी सगळं बंद केलं आणि ती फाइल उघडली.

तिच्यात आईचा नंबर होता. सुट्टीत घरी आलो असताना नमुना म्हणून टाकलेला, कारण तिचा फोन समोर पडला होता. म्हणजे बाबांचा मेसेज इतके दिवस रोज आईला जात होता. प्रोग्रामने साठवलेली उत्तरं उघडली, तर ती उत्तरही देत होती. घेतली. घेतली. घेतली.

मी खाली गेलो. आई स्वयंपाकघरात स्टुलावर बसली होती.

"आई, तुले रोज मेसेज येतो का? बाबा असं लिहिलेला?"

"हो, येते न."

"मग मले सांगितलं काऊन नाही?"

"सांगितलं असतं तं तू बंद केलं असतं."

बीपी आईलाही आहे. घरात सगळ्यांना ठाऊक. एक जिना उतरून मी तिला कधी विचारलं नव्हतं.

"हे गेल्यावर मी गोळ्या सोडल्याच होत्या," ती म्हणाली. "मग ह्यांचा मेसेज माझ्या फोनवर आला. म्हटलं, चुकून का होईना, कोणी विचारून राह्यलं, तं घ्यावं."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला काहीतरी वाटलं, आणि ती लाज होती.

"आजची घेतली का?" मी विचारलं.

गोळ्यांची पट्टी तिच्या पुढ्यातच होती. पाण्याचा पेलाही भरलेला.

"नाही न," ती फोनकडे बघत म्हणाली. "आज मेसेजच नाही आला अजून."