नववा कागद

"डेट्रॉइटसाठी बनिंगनं शंभर मॅचेससुद्धा जिंकल्या नाहीत," श्रीराम म्हणाला आणि हातातली फाइल पिंगपाँगच्या टेबलावर ठेवली. त्यानं फाइल ठेवली की वाद संपायचा, अशी इतक्या वर्षांची रीत होती.

"एकशेअठरा," जिन्यावरून आवाज आला.

सगळ्यांनी वर पाहिलं. श्रीरामची बायको, सुहासिनी, कांदाभज्यांचं ताट घेऊन मधल्या पायरीवर उभी होती.

"डेट्रॉइटसाठी एकशेअठरा. मग टीम बदलून नॅशनल लीगमध्ये एकशेसहा," ती म्हणाली. "गरम आहेत तोवर घ्या."

शैलेंद्र हसला. तो वयानं सगळ्यांत लहान होता, फोर्डमध्ये होता आणि त्याला कुणाचीच भीड नव्हती. "कमिशनरसाहेब, हे काय यार? घरचाच माणूस फुटला."

श्रीरामही हसला, पण त्याचे कान गरम झाले.

डेट्रॉइटजवळच्या नोव्हायमधल्या डॉक्टर गिरीशच्या बेसमेंटमध्ये दर नव्या वर्षाच्या पहिल्या शनिवारी दुपारी हे इलेक्शन व्हायचं. वर घरून केलेले पदार्थ आणून बायकांचं पॉटलक, खाली नऊ पुरुष. निवृत्त झालेल्या बेसबॉलपटूंपैकी हॉल ऑफ फेम या मानाच्या दालनात कुणाला घ्यायचं, हे खरं तर देशभरातले जुने स्पोर्ट्स रिपोर्टर मतं देऊन ठरवतात. त्यांचा निकाल लागण्याआधी ही मंडळी आपला निकाल लावून मोकळी व्हायची. नियम मात्र रिपोर्टरांचेच. कागदावर दहापर्यंत नावं लिहायची, कमी लिहिली तरी चालतात, पेटीत पडलेला प्रत्येक कागद मोजायचा आणि ज्याला तीन चतुर्थांश मतं मिळतील तो आत.

हे सगळं अकरा वर्षांपूर्वी श्रीरामनं सुरू केलं होतं, म्हणून सगळे त्याला कमिशनर म्हणायचे. तो मोटारीचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात इन्स्पेक्टर होता. आलेला भाग मापाच्या गेजवर लावायचा, बसला तर उजवीकडे, नाही बसला तर डावीकडे. सत्तावीस वर्षं हेच. त्याच्याबरोबर अमेरिकेत आलेले लोक मॅनेजर झाले, डॉक्टरांनी तळ्याकाठी घरं बांधली. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात श्रीरामच्या वाट्याला खुर्च्या लावायचं काम यायचं. पण बेसबॉलचं काही निघालं की डॉक्टरसुद्धा मान वळवून विचारत, "कमिशनर, तुमचं काय मत?" कारखान्यातही जेवणाच्या टेबलावर गोरे लोक त्याच्यासाठी जागा धरून ठेवत.

हे आकडे त्याच्याकडे कुठून येतात, ते कुणी कधी विचारलं नव्हतं. रात्री सुहासिनी पोळ्या लाटता लाटता सांगायची. तो ऐकायचा आणि दुसऱ्या दिवशी आपले म्हणून सांगायचा. त्यात काही चुकतंय असं दोघांनाही कधी वाटलं नव्हतं.

"मोहन इंडियाला गेलाय, आपण आठच आहोत," गिरीश म्हणाला. "वहिनी, तुम्हीच बसा ना. नववं मत तुमचं."

"अहो, वर पुऱ्या तळायच्यात."

"आमची पद्मिनी तळेल. बसा हो."

सुहासिनीनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं फाइलचा बंद सोडला, पुन्हा बांधला. "बस की," तो म्हणाला. "कोण नाही म्हणतंय?"

ती पदर खोचून फोल्डिंगच्या खुर्चीत बसली. वाद जिम बनिंगचा चालला होता. जुना पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, तरुणपणी डेट्रॉइटचा. बरेच जण म्हणत होते, चांगला होता, पण हॉलमध्ये बसवण्याइतका नाही.

"मी त्याला कधी पाहिलेलं नाही," ती म्हणाली. "मी बासष्टच्या एप्रिलमध्ये आले. हे कारखान्यात ओव्हरटाइम करायचे. मला इंग्रजी येत नव्हतं. बिल्डिंगमध्ये आपलं कुणी नाही. घरमालकीणबाईंनी एक रेडिओ दिला होता, त्यावर दुपारी मॅच लागायची. पहिले दोन महिने नुसता आवाज. मग एक दिवस कळलं, की बोलणारा सांगतोय, हा बनिंग चेंडू टाकल्यावर एवढा झुकतो की त्याचा ग्लोव्ह मातीला लागतो. या देशात मला पहिल्यांदा आख्खं वाक्य समजलं, ते हे."

कुणी भज्याला हात लावला नाही.

"तुम्ही म्हणता, तो हरला पण पुष्कळ. हरला. पण तो ज्या टीमसाठी टाकायचा त्या कशा होत्या, ते बघा ना. दोन वेगळ्या लीगमध्ये शंभराच्या वर जिंकणारे किती निघतात? आणि तो रिटायर झाला तेव्हा त्याच्याहून जास्त लोकांना स्ट्राइक आउट करून परत पाठवलेला तोवर एकच माणूस होता. एकच."

"क्या बात है," शैलेंद्र म्हणाला. "वहिनी, आपण बदललो. माझं मत बनिंगला."

"माझंही," गिरीश म्हणाला. "इतकी वर्षं आम्हाला का नाही सांगितलंत हे?"

ती लाजून हसली. श्रीराम तिच्याकडे बघत होता. हे हसू त्यानं बासष्ट साली विमानतळावर पाहिलं होतं, त्यानंतर फार वेळा नाही. तिच्या इथल्या पहिल्या दोन उन्हाळ्यांत तो रोज दमून घरी यायचा, विचारायचा, "दिवसभर काय केलंस?" ती म्हणायची, "काही नाही." सव्वीस वर्षांनी आज आठ पुरुषांसमोर तिनं सांगितलं, की ती काय करत होती. तिला सोबत होती तर. झुकून चेंडू टाकणाऱ्या एका परक्या माणसाची. आणि डॉक्टर गिरीश तिच्याकडे ज्या चेहऱ्यानं बघत होता, तो चेहरा श्रीरामच्या वाट्याला अकरा वर्षांत आला नव्हता.

कागद वाटले गेले. श्रीरामनं आपला कागद पुढ्यात घेतला. दरवर्षी तो पाच-सहा नावं लिहायचा. बनिंगचं तर दरवर्षी, कारण सुहासिनी सांगायची. आज मुद्दाम विरोधी बोलला होता, वाद रंगावा म्हणून. पेन हातात धरून तो थोडा वेळ बसला, मग कागद तसाच दुमडून पेटीत टाकला.

मोजणी शैलेंद्रनं केली. बनिंगला सहा मतं. दोन कागदांवर त्याचं नाव नव्हतं. नववा कागद त्यानं उलटसुलट करून पाहिला.

"हा कोरा आहे. कुणीतरी पेन न उघडताच लिहिलं वाटतं." सगळे हसले. "बाजूला काढू या. आठातले सहा, बरोबर पाऊण. वहिनींचा माणूस आत."

"बाजूला कसा काढणार?" श्रीराम म्हणाला. "पेटीत पडला म्हणजे मोजायचा. नऊ झाले. सात लागतात."

"जाऊ द्या ना, कमिशनर," गिरीश म्हणाला. "घरातलं इलेक्शन आहे."

"नियम घरातला नाही."

मग शैलेंद्रनं खांदे उडवले, बनिंगच्या नावापुढे फुली मारली. सुहासिनी उठली. टेबलावरचे कागद आणि रिकामं ताट तिनं गोळा केलं आणि ती वर गेली.

परत जाताना रस्ता बर्फानं भरला होता. श्रीराम जपून गाडी चालवत होता. सिग्नलला थांबल्यावर तो म्हणाला, "थोडक्यात हुकलं."

"हो," ती म्हणाली.

दहा-बारा दिवसांनी खरा निकाल आला. सकाळी चहाच्या वेळी सुहासिनीनं पेपर उघडला. ती सावकाश, ओळीखाली बोट ठेवून वाचायची.

"चार मतांनी राहिला," ती म्हणाली. "आणि नऊ रिपोर्टरांनी कोरे कागद टाकलेत. ते टाकले नसते तर तो आत होता."

श्रीराम कपात बघत राहिला.

"त्यांची काहीतरी कारणं असतील," तो म्हणाला.

"असतील." तिनं पेपरची घडी केली. "तुम्ही घडी घालता तेव्हा नखानं कडा दाबता. तुमच्या डब्यातला नॅपकिन मी रोज धुवायला टाकते. तो कागद गोळा करताना मला बघायलासुद्धा लागलं नाही."

त्याला वाटलं, ती आता रडेल, नाहीतर भांडेल. त्यासाठी त्यानं मनात दोन वाक्यं जुळवलीसुद्धा. पण ती उठली आणि डब्यात पोळ्या भरू लागली.

"नुसतं नाव लिहायचं होतं," ती पाठमोरी म्हणाली. "माझ्यासाठी नाही. तुम्हाला पटत होतं म्हणून."

एप्रिलमध्ये सीझन सुरू झाला. संध्याकाळी श्रीराम घरी आला, तेव्हा ओट्यावरचा रेडिओ चालू होता. सुहासिनी कणीक मळत ऐकत होती. तो हातपाय धुऊन टेबलाशी येऊन बसला.

"काय झालं आज?"

"जिंकले."

"पिचर कसा होता?"

"बरा होता." तिनं पोळी तव्यावर टाकली. "भाजीत मीठ कमी वाटलं तर सांगा."

तो आकड्यांसाठी थांबला. ती दुसरी पोळी लाटू लागली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, भाजी चांगली होती, पोळ्या गरम होत्या.

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या जेवणाच्या टेबलावर लेथवाल्या हँकनं बाकावर सरकून त्याला जागा केली आणि कालच्या मॅचबद्दल विचारलं. आणखी दोघांनी सँडविच खाली ठेवून माना वळवल्या.

श्रीरामनं डबा उघडला. "पेपर अजून वाचला नाही," तो इंग्रजीत म्हणाला आणि पोळीचा तुकडा मोडला. ते तिघं अजून त्याच्याकडेच बघत होते.