इतर भाषा

मुलींच्या वसतिगृहाच्या पानावर रमीची जाहिरात झळकली, तेव्हा कुठे संस्थेतल्या लोकांना आठवलं की आपली एक वेबसाइट आहे. त्या दिवशी पूर्वाचा फोन थांबेना. जो तो तिच्यावरच खेकसतोय. जणू पत्ते तिनेच पिसले होते.

विश्रांतवाडीच्या या संस्थेत पूर्वा वेबसाइटचं काम बघायची. कॉलेजं, वसतिगृहं, वाचनालय, सगळ्यांची पानं एकाच जुन्या सिस्टीमवर. ती बनवणाऱ्या कंपनीने केव्हाच हात वर केले होते. यापुढे दुरुस्ती नाही, कोणी आत घुसलं तर तुमचं तुम्ही बघा. पूर्वा कानीकपाळी ओरडत होती, की नवीन प्लॅटफॉर्म घ्या. "बघू," म्हणायचे. रमी आल्यावर बघायला लागले.

पूर्वाला कॉलेजच्या नोटिशींचं काही पडलं नव्हतं. त्या काय, परत टाकता येतात. तिचा जीव अडकला होता साइटच्या एका कोपऱ्यात, "आठवणी" या भागात. छप्पन साली ज्या घरांनी धम्म स्वीकारला, त्यातली म्हातारी माणसं तिथे बोलली होती. पूर्वाने ते फोनवर रेकॉर्ड केलं, ऐकून ऐकून जसंच्या तसं टाइप केलं. पुढे तो फोन पीएमटीच्या बसमध्ये कोणीतरी मारला. बोलणाऱ्यांतली निम्मी माणसंही गेली. राहिली ती फक्त पानं. जुनी सिस्टीम बसली तर तीही जाणार.

म्हणून आज मीटिंग होती. पूर्वाने सांगायचं, नवीन प्लॅटफॉर्म घ्यायचा की नाही. आणि ती "घ्या" असं सांगायला घरूनच ठरवून आली होती.

अध्यक्ष रतन सर खुर्चीत ताठ बसले होते. मंत्रालयातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला माणूस. रजेच्या अर्जात ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तरी लाल पेनाने गोल करून परत पाठवायचे. शेजारी त्यांची आई, हिराआजी. पांढरंशुभ्र लुगडं, डोक्यावरून पदर. आपल्या आठवणीचं पान नवीन साइटवर कसं दिसतं ते तिला दाखवायचं, म्हणून सरांनीच तिला आणलं होतं. आजीला वाचता येत नव्हतं, पण पडद्याकडे ती टक लावून बघत होती. सेक्रेटरी श्यामला मॅडम चहाचा कप धरून बसल्या होत्या.

कर्वेनगरच्या कंपनीतून आलेला तेजस लॅपटॉप जोडत म्हणाला, "सर, हा प्लॅटफॉर्म म्हणजे एकदम नेक्स्ट लेव्हल. मोबाइलवर मस्त दिसतो, सिक्युरिटी टॉप."

"रमी येणार नाही ना?" श्यामला मॅडम म्हणाल्या. "नाही, आली तर आधी कळवा. मुलींना नियम तरी समजावून सांगू."

तेजस कसनुसं हसला. मग त्याने नमुन्याची पानं दाखवली. पूर्वाला मनातून बरं वाटलं. जुन्या साइटवर एक फोटो चढवायचा तर अर्धा दिवस जायचा, इथे बोट लावलं की झालं. शेवटी त्याने हिराआजीचं पान उघडलं. आजीचा फोटो केवढा मोठा, सुरकुती न् सुरकुती दिसतेय.

"मी वाचून दाखवतो," तेजस म्हणाला. "'गावच्या विहिरीवर आम्हाला मज्जाव होता. पाणी मिळावे म्हणून सतत विनंती केल्यामुळे माझ्या आईचा आवाज बसला. तो नंतर कधीही पूर्ववत झाला नाही.'"

रतन सरांनी मान डोलावली. "वा. नेटकं आहे. आई, छान बोलली आहेस तू."

आजीने फोटोकडे बघितलं, तेजसकडे बघितलं.

"ही बाई कोन?" तिने विचारलं.

"आई, तूच ना ती."

"फोटू माझा हाय. बोलतंय कोन?"

पूर्वा पडद्याकडे वळली. तिने पडद्यावरची ओळ पुन्हा वाचली. मज्जाव. विनंती. पूर्ववत. यातला एकही शब्द तिने टाइप केला नव्हता.

"तेजस, हे कोणी बदललं?"

"अगं, बदललं नाही, इम्प्रूव्ह झालं. ऑटोमॅटिक आहे." त्याने कोपऱ्यातल्या हिरव्या बटणावर बाण नेला. "मराठी पान असलं की हे आपोआप चालतं. भाषेच्या चुका काढून टाकतं. ओरिजिनलमध्ये खूप होत्या."

"त्यावर काय लिव्हलंय, बाळा?" आजीने विचारलं.

"'शुद्ध करा', आजी."

आजीने त्या हिरव्या बटणाकडे निरखून बघितलं. मग म्हणाली, "का? बाटलं व्हतं का?"

श्यामला मॅडमनी कप खाली ठेवला. त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. तेजसला काय झालं ते कळेना. तो बिचारा एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिला.

"बंद कर ते," पूर्वा म्हणाली. तिचा आवाज चढला होता.

"होतं ना बंद. इझी आहे." तेजसने घाईघाईने एक यादी उघडली. "इथे पानाची भाषा निवडायची. मराठीच्या जागी 'इतर' केलं की बटण हात लावत नाही. बघ, केलं. तुझं ओरिजिनल परत आलं."

खरंच आलं. पूर्वाने टाइप केलेली ओळ न् ओळ. फक्त वर, आजीच्या नावाखाली, बारीक अक्षरात आलं होतं: भाषा, इतर.

आता वाच म्हणून सगळे पूर्वाकडे बघायला लागले. पण तिची नजर त्या एका शब्दावरून हलेना.

"इतर म्हंजी?" आजीने विचारलं.

तेजस पुन्हा यादी चाळायला लागला.

"म्हंजी येशीभायेरचं," आजी स्वतःच म्हणाली. रागाने नाही. भाजीचा भाव सांगावा तसं.

"सर," पूर्वा उठून उभी राहिली, "आजी मराठी बोलते. हे इतर मी लावणार नाही. आणि ते बटणही ठेवणार नाही. तसं असेल तर माझ्याकडून नाही. जुन्यावरच चालू द्या, बसलं तर बसू दे."

ती बोलून तर गेली. बसलं तर काय जाईल ते तिच्याइतकं कोणाला माहीत होतं?

"पूर्वा, ऐक ना," तेजस म्हणाला, "पूर्ण साइटवर बंद करता येतं. पण मग सगळ्यांनाच. नोटिसा, निकाल, सरांचं मनोगत. कोणाचीच चूक कोणी पकडणार नाही. मोठ्या संस्था असं करत नाहीत. इमेजचा प्रश्न असतो."

सगळ्यांच्या माना रतन सरांकडे वळल्या. सर पडद्यावरची जुनी ओळ वाचत होते. ओठ हलत होते. हे पान ते पहिल्यांदा वाचतायत, हे पूर्वाच्या लक्षात आलं. आईची आठवण साइटवर आहे एवढंच त्यांना माहीत होतं. ती काय बोलली, ते नाही.

"नोकरीच्या पहिल्याच दिवशी," सर पडद्याकडे बघतच म्हणाले, "साहेबाने विचारलं, फाइल कुठे आहे. मी म्हणालो, हितं हाय. सगळं ऑफिस हसलं. त्या दिवसानंतर माझ्या तोंडून 'हाय' निघालं नाही. घरीसुद्धा नाही."

"मला ठावं हाय," आजी म्हणाली. "तवापास्नं तू आय म्हनायचा, ते आई म्हनाया लागला."

सरांनी चष्मा काढला, आईच्या लुगड्याच्या पदराकडे हात गेला आणि मधेच थांबला. मग खिशातल्या रुमालाने काचा पुसल्या. बराच वेळ पुसल्या.

"घ्या हा प्लॅटफॉर्म," ते म्हणाले. "बटण सगळीकडे बंद. माझ्या मनोगतावरही."

"सर, चुका दिसतील," तेजस म्हणाला.

"दिसू द्या."

तेजसने बटण बंद केलं. पूर्वाने पुढे होऊन स्वतःच्या हाताने "इतर" काढलं, "मराठी" केलं. ओळ हलली नाही. तरी तिने पान परत उघडून बघितलं. मशीनवर तिचा विश्वास नव्हता.

"वाच की रं आता कुनीतरी," आजी म्हणाली. "मगापास्नं नुसतंच बघताय."

पूर्वाने तोंड उघडलं, पण सरांनी हात वर केला. खुर्ची पुढे ओढली. शाळेतल्या पोराने धडा वाचावा तसे ते एकेक शब्द धरून वाचायला लागले.

"'पानी वाढा वं माय, असं ओरडून ओरडून...'"

"आसं," आजी म्हणाली. "वरडून."

सर थांबले. पडद्यावरही तसंच होतं.

"'आसं वरडून वरडून माझ्या आईचा...'"

"आयचा."

सरांनी ओळ पुन्हा पहिल्यापासून धरली.